जपानकडे बघा, पण नीट बघा

आमच्या शाळेत इतिहासाचे एक गुरुजी होते. गृहपाठ राहिला किंवा वर्गात गोंगाट झाला की त्यांचे वाक्य ठरलेले असे : 'त्या जपानकडे बघा!' पुढे व्याख्यानमालांतून, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांतून हेच वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की ते म्हणी-वाक्प्रचारांच्या यादीत घालायला हरकत नाही. मात्र ही गोष्ट १९०५ साली रशियाला हरवून थांबे आणि एकदम १९४५ च्या राखेतून पुन्हा सुरू होई. मधल्या चाळीस वर्षांचे काय झाले, हे गुरुजींनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

'दारे बंद करून बसलेला देश' हेही अर्धेच खरे. पोर्तुगीजांना १६३९ साली हाकलल्यावरही नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर डच व्यापारी होतेच. त्यांच्याकडून येणारी पुस्तके जपानी वैद्य अक्षर अक्षर लावून वाचत. सुगिता गेनपाकू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शरीरशास्त्राचा एक ग्रंथ डचवरून जपानीत आणला तो १७७४ साली. म्हणजे १८५३ मध्ये अमेरिकेच्या कॉमोडोर पेरीची चार काळी जहाजे उरागापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा आत सारा अंधार होता असे नाही.

१८६८ नंतरची धडाडी मात्र थक्क करणारीच. १८७१ मध्ये सरंजामी जहागिऱ्या रद्द, १८७२ मध्ये पहिली आगगाडी आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती. या साऱ्याचा पैसा आला मुख्यत: शेतकऱ्याकडून. जमिनीच्या किमतीवर तीन टक्के कर, आणि तोही रोख. पीक बुडाले तरी सूट नाही. लष्करभरतीच्या फर्मानात 'रक्तकर' असा शब्द होता. सरकार खरोखरच रक्त काढून घेणार, या भीतीने अनेक गावांत दंगे उसळले. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या गावकऱ्यांना पुढचे जास्त कळले होते, असे मला कधी कधी वाटते.

आता माझा मुद्दा. १८८९ ची राज्यघटना इतो हिरोबुमी यांनी प्रशियाच्या धर्तीवर बेतली. तिच्यात सेनेचे आधिपत्य थेट सम्राटाकडे होते. सेनेचे प्रमुख मंत्रिमंडळाला नव्हे, सम्राटालाच जबाबदार. सम्राट स्वत: क्वचितच आज्ञा देत. म्हणजे प्रत्यक्षात सेना कोणालाच जबाबदार नव्हती. राज्य उभारणारी वडीलधारी मंडळी हयात होती तोवर ही फट झाकली गेली. त्यात १९०० साली नियम झाला, की लष्करमंत्री आणि नौदलमंत्री सेवेतलाच सेनापती हवा. सेनेने माणूस दिला नाही की मंत्रिमंडळ कोसळलेच! १९१२ साली सरकारने दोन नव्या पलटणींना पैसे नाकारताच लष्करमंत्री उएहारा यांनी राजीनामा दिला आणि साइओन्जी यांचे सरकार गेले. १९१३ मध्ये नियम सैल झाला, १९३६ मध्ये पुन्हा आवळला गेला.

विजयांनी या फटीवर पांघरूण घातले. १८९५ मध्ये चीनकडून मिळालेल्या खंडणीतला काही पैसा यावाताच्या पोलाद कारखान्यात गेला. युद्ध परवडते, असा धडा त्यातून मिळाला. १९०५ मध्ये आशियाई देशाने युरोपीय सत्तेला नमवले म्हणून आपल्याकडेही आनंदाचे भरते आले; 'केसरी'ने तो विजय गौरवला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोरियावर जपानचे 'संरक्षण' लादले गेले, याकडे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष गेले. १९१० साली तर कोरिया गिळंकृतच झाला.

हे दिसणारे जपानी नव्हते असे नाही. पत्रकार इशिबाशी तानझान यांनी १९२१ मध्येच लिहिले, की वसाहती सोडून द्या, त्या तोट्याचा सौदा आहेत. त्यांनी नीतीचे प्रवचन न देता व्यापाराचे आकडे मांडले. कोणी ऐकले नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये मांचुरियातल्या जपानी फौजेच्या अधिकाऱ्यांनी स्वत:च रेल्वेमार्ग उडवला, आळ चिन्यांवर घातला आणि तोक्योतल्या मंत्रिमंडळाला न विचारता मुलूख बळकावायला सुरुवात केली. सरकार मागून फरफटत गेले. १९३२ साली पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्याच घरात नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या. १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध आणि नानजिंगचा नरसंहार. रेल्वे, शाळा, पोलाद, शिस्त, ज्याचे गुरुजी कौतुक करीत ते सगळे त्या फौजेच्या दिमतीला होते.

फेब्रुवारी १९४० मध्ये साइतो ताकाओ हे सत्तरीला टेकलेले खासदार संसदेत उभे राहिले. चीनमधले हे युद्ध संपणार कसे, 'पवित्र युद्ध' या नावाखाली माणसे मरताहेत ती नेमकी कशासाठी, एवढेच त्यांनी विचारले. भाषणाचा मोठा भाग कामकाजातून काढून टाकण्यात आला. मार्चमध्ये त्यांना संसदेतून हाकलण्याचा ठराव आला तेव्हा विरोधात मते पडली अवघी सात. त्याच उन्हाळ्यात लष्करमंत्र्याच्या राजीनाम्याने योनाई यांचे सरकार पडले. जुनीच युक्ती. पुढच्या वर्षी पर्ल हार्बर झाले.

एप्रिल १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, निवडणूक झाली. सरकारी शिफारशीच्या यादीत साइतो यांचे नाव अर्थातच नव्हते. ह्योगो प्रांतातल्या त्यांच्या मतदारांनी त्यांना मतदारसंघात सर्वाधिक मते देऊन पुन्हा संसदेत पाठवले.