एकच जंतू, दोन दवाखाने

पोटातील जळजळ हा आपल्या सुशिक्षित समाजाने जणू घरचाच मानून घेतलेला रोग आहे. जागरण, चिंता आणि तिखट यांच्या माथी दोष मारावा, एखादी गोळी घ्यावी आणि कामास लागावे, हा नित्याचा परिपाठ. या समजुतीस खरा धक्का दिला तो पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी. जठरव्रणाच्या मुळाशी बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जंतू असतो, हे त्यांच्या १९८२ पासूनच्या संशोधनाने दाखविले. वैद्यकविश्वाला ते पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतःच प्राशन केला. २००५ साली उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु या कथेचा पूर्वार्ध सहसा सांगितला जात नाही. १८९३ साली ट्यूरिनच्या बित्सोझेरो यांनी अशाच आकाराचे जंतू पाहिले, ते कुत्र्याच्या जठरात! १८९६ साली सालोमन यांनी ते उंदरांच्या जठरात वाढवूनही दाखविले. आज डुकरांत आढळणारा हेलिकोबॅक्टर सुइस हा जंतू जठरदाहाच्या काही मानवी रोग्यांत सापडला आहे. कुत्र्यामांजरांतील त्याच्या भाऊबंदांचीही अशीच नोंद आहे. उलट, सिंह, वाघ, चित्ता यांच्या पोटातील एका जातीचा पूर्वज माणसाकडूनच तिकडे गेला असावा, असा निष्कर्ष २००६ साली जनुकीय अभ्यासातून निघाला. म्हणजे ही वाट एकमार्गी नव्हे.

यावरून कोणी घरचे कुत्रे रस्त्यावर सोडू नये. पायलोरीचा प्रसार मुख्यतः माणसाकडून माणसाकडे, बहुधा बालपणी आणि घरातल्या घरात होतो. प्राण्यांकडून येणाऱ्या जातींचे रोगी त्या मानाने थोडेच. पण हे जंतू नेहमीच्या तपासण्यांतून निसटू शकतात. जे शोधलेच नाही ते नाही असे मानणे, याला शास्त्र म्हणत नाहीत.

आमचा मुद्दा याहून साधा आहे. मुंबईत परळच्या एकाच टापूत १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि १९२६ पासूनचे के. ई. एम. रुग्णालयही आहे. जंतूला या दोन संस्थांमधील भिंत ठाऊक नाही. ती ठाऊक आहे फक्त आपल्या खात्यांना. नागपुरास राष्ट्रीय एक-आरोग्य संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये बसविण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु केवळ कोनशिलेने दोन शास्त्रे जोडली जात नाहीत. दीर्घकाळ जठरदाहाने त्रस्त असलेल्या रोग्यास ‘घरी वा कामावर प्राण्यांशी संबंध येतो काय?’ एवढे डॉक्टरांनी विचारावे. संशय वाटल्यास पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. वराहपालन करणारे, कत्तलखान्यांतील कामगार व पाळीव प्राण्यांचे मालक यांची पाहणी दोन्ही महाविद्यालयांनी मिळून करावी. यास फार मोठा खर्च लागणार नाही. लागेल ती खात्याखात्यांतील अहंता बाजूस ठेवण्याची तयारी.

आणि नागरिकांनीही पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर मनाने प्रतिजैविके घेण्याचे सोडावे. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, शहाणा होतो. तो शहाणा होण्यापूर्वी आपण शहाणे व्हावे, एवढेच आमचे सांगणे आहे.