करकायदा नागरिकाला कळणारा हवा!

नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत भारतीय महसूल सेवेचे नवे अधिकारी वर्षाहून अधिक काळ प्रशिक्षण घेतात. कठोर स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना जो कायदा आत्मसात करण्यास इतका काळ लागतो, तो महालातील शिक्षकाला वा इतवारीतील लहान दुकानदाराला आपोआप कळावा, अशी शासनाची अपेक्षा आहे! चुकले की व्याज व दंड ठरलेलाच.

१९६१ चा आयकर कायदा दुरुस्त्यांच्या ठिगळांनी ८१९ कलमांपर्यंत फुगला. २००२ साली डॉ. विजय केळकर यांच्या कृतिदलाने सवलतींचे जंजाळ छाटण्याची शिफारस केली. तरीही जंजाळ टिकून राहिले. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमे ५३६ वर आली, शब्दसंख्या जवळपास निम्मी झाली. 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' यांचा घोळ मिटवून एकच 'कर वर्ष' आणले गेले. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शब्द घटले म्हणजे गुंतागुंत घटली, असे नव्हे. जुनी व नवी अशा दोन करप्रणाली त्यातही कायम ठेवल्या आहेत. दोन्हींचा हिशेब मांडल्याखेरीज आपले हित कशात, हे पगारदाराला उमगत नाही.

सवलतींमुळे बचतीला वळण लागते, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण मुलांच्या शिक्षणासाठी पै-पै जोडणारे मराठी कुटुंब काटकसर शिकले ते काय कलम ८०-सी वाचून?

फुलाला न दुखवता मध घेणाऱ्या भ्रमराचा आदर्श आपल्या परंपरेने राज्यकर्त्यापुढे ठेवला आहे. एकच प्रणाली, मोजके दर आणि सल्लागाराविना भरता येईल असे विवरणपत्र, एवढे तरी प्रामाणिक करदात्याला मिळालेच पाहिजे!