विषाला कुलूप लावा, विहिरीला कठडा बांधा

२०१७ चा पावसाळा महाराष्ट्राने कधीही विसरू नये. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक आजारी पडू लागले. कुणाला उलट्या, कुणाला अंधुक दिसू लागलं, कुणाचा श्वास कोंडला. वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्याच पावसाळ्यात २९ ऑगस्टला मुंबई पाण्याखाली असताना डॉ. दीपक अमरापूरकर हे नामवंत पोटविकारतज्ज्ञ तुंबलेल्या रस्त्याने पायी घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला.

दोन्हीकडे आपण हळहळलो. ‘त्यांची वेळच आली होती’ असंही कुणीतरी म्हणालंच. हे वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. मॅनहोलच्या झाकणाखाली बसवायची जाळी काही नवा शोध नव्हता. ती बसवायला सुरुवात झाली, पण एका माणसाचा जीव गेल्यावर. फवारणीचं विष कातडीतून शरीरात जातं हेही कृषी खात्याला, कंपन्यांना आणि दुकानदारांना माहीत होतं. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याला मात्र ते कुणी नीट बसवून सांगितलं नव्हतं.

यवतमाळात काय घडलं ते पाहा. कपाशी त्या साली डोक्याएवढी वाढलेली. तिच्यातून वाट काढताना फवारलेली पानं तोंडावर, मानेवर घासत होती. किडीच्या धास्तीने दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळली जात होती. जास्त दाबाचे नवे पंप बारीक तुषार उडवत होते. हवा दमट, अंगात घामाने चिंब झालेला सदरा आणि तोंडाला रुमाल. हा रुमाल माणसाला उगाच धीर देतो, पण एकदा भिजला की तोच विष नाकातोंडाशी धरून ठेवतो. शासनाने पाच कीटकनाशकांवर विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली, त्यात मोनोक्रोटोफॉसही होतं. पण ती नोव्हेंबरमध्ये, म्हणजे फवारणीचा भर ओसरल्यावर. आणि मोनोक्रोटोफॉस काय करतं हे देशाने त्याआधी चार वर्षं पाहिलं होतं. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं मध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं दगावली, आणि ज्या तेलात ते जेवण शिजलं त्यात हेच विष निघालं.

आता आपल्या घरात या. पेरणीनंतर कापूसपट्ट्यातल्या कुठल्याही घरात जा, उरलेलं औषध कुठे आहे ते शोधा. दाराआडच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी, थंड पेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते ठेवलेलं असतं. झाकण हरवलेलं म्हणून तोंडाला चिंधीचा बोळा, आणि वेष्टन तर नाहीच. दुपारी शाळेतून तहानलेलं पोर येतं, त्याचा हात त्या फळीपर्यंत पोहोचतो. शहरातल्या घरांनी फुशारकी मारू नये. तिथे मोरीत पाण्याच्या बाटलीत भरलेलं ॲसिड असतं, डास मारायचं द्रव असतं आणि उशाशी आजीच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या असतात. गरोदर बाईला दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या लहान पोराला चॉकलेटच वाटतात. त्यातल्या मूठभर पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो.

म्हणून पहिली गोष्ट कुलूप. पत्र्याची एक पेटी आणि तिची किल्ली घरातल्या एकाच मोठ्या माणसाकडे, एवढाच खर्च. औषध मूळ बाटलीतच राहील, वेष्टन फाटू द्यायचं नाही. रिकाम्या डब्याला भोकं पाडून तो निकामी करा, त्यात पाणी, तेल, धान्य काहीही भरू नका. कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा त्रिकोण गावातल्या प्रत्येक शाळकरी पोराला ओळखता आला पाहिजे.

या पेटीचं आणखी एक मोल आहे, ते मोकळेपणाने बोलायला हवं. रागाच्या, निराशेच्या एका घटकेत माणूस हाताशी असेल ते उचलतो. ती घटका टळली की पुष्कळ माणसं पुढे आयुष्य जगतात. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकं बाजारातून हटवली त्या काळात, १९९५ साली, तिथे लाखामागे ४७ जण आत्महत्या करत होते. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तिथली दुःखं काही संपली नव्हती, पण हाताशी असलेलं विष दूर गेलं होतं. घरात कुणी गप्प गप्प राहत असेल, कर्जाने खचला असेल, तर किल्ली आजच दुसऱ्याकडे द्या, त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर त्याचं बोलणं करून द्या. हा फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि बायांकडे कुणाचं लक्ष आहे का? पंप घेतलेला माणूस निदान दिसतो. टाकीत पाणी ओतणारी, काडीने औषध ढवळणारी, संध्याकाळी नवऱ्याचे विषाने भिजलेले कपडे पोरांच्या कपड्यांत मिसळून नुसत्या हातांनी धुणारी बाई कुठल्याच नोंदीत येत नाही. ते कपडे वेगळे धुवा, हातमोजे घालून धुवा. सुरक्षा किट आणायचं तर तिच्यासाठीही आणा. वारा पाठीशी घेऊन, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर फवारा. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखूची पुडी सोडू नका. आणि मजूर लावलात तर त्याचं किट तुम्हीच द्यायचं. दोनशे-तीनशे रुपये जास्त रोज देऊन त्याचा जीव विकत घेता येत नाही.

विष अंगावर किंवा पोटात गेलंच तर? आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, तेही माणसं मायेपोटी करतात. मिठाचं पाणी पाजून उलटी करवतात, दूध, तूप, कच्ची अंडी, लिंबू, जे सुचेल ते घशात ओततात. हे थांबवा. रॉकेल प्यायलेल्या पोराला उलटी करवली तर रॉकेल फुप्फुसात उतरतं. ॲसिड एकदा खाली जाताना घसा भाजतं, उलटीत तेच पुन्हा भाजत वर येतं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काहीही पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं. माणूस बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर त्याला डाव्या कुशीवर वळवा, तोंडातला फेस बोटाला कापड गुंडाळून पुसा. कपड्यांवर औषध सांडलं असेल तर ते उतरवा आणि अंग साबणपाण्याने धुवा, पण आधी तुमच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी चढवा. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरा. हे सगळं चालू असतानाच दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा.

आणि बाटली सोबत न्यायची. बाटली नेता येत नसेल तर मोबाइलवर वेष्टनाचा फोटो काढा. तोंडाला लाळ सुटलेली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, अंगाचे स्नायू फडफडताहेत, अशी लक्षणं मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांची असतात. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे आणि तो वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. पण डॉक्टरला नाव कळायला हवं. उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाबद्दल तर जास्तच सावध राहा. ते पोटात गेल्यावर दोन दिवस माणूस बरा दिसतो, घरचे त्याला दवाखान्यातून घरी आणतात आणि मग यकृत निकामी होत जातं. ते खाल्ल्याची नुसती शंका असली तरी दवाखाना सोडू नका. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या फुकट क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. गावच्या डॉक्टरनेही तो भिंतीवर लिहून ठेवावा.

पडण्याबद्दल आपण याहूनही बेफिकीर आहोत. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपघाती इजांत रस्त्यावरच्या मृत्यूंच्या खालोखाल हेच मृत्यू आहेत. तरी आजी न्हाणीघरात पडल्या की ‘वय झालं’ म्हणून आपण मोकळे होतो. वयाने शेवाळ धरत नाही! शेवाळलेली फरशी, झिजलेल्या सपाता, रात्री उठून जायच्या वाटेवरचा अंधार, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने येणारी भोवळ ही खरी कारणं आहेत, आणि ती घरात आहेत. भिंतीत पक्का रोवलेला एक लोखंडी दांडा, रात्रभर जळणारा छोटा दिवा, उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायची सवय, पायांत ताकद टिकवणारा रोजचा थोडा व्यायाम यांनी खुबे वाचतात. खुब्याचं हाड मोडलं की कित्येक म्हातारी माणसं पुन्हा स्वतःच्या पायावर चालत नाहीत, आणि त्यांतली काही वर्षभरातच जातात.

पडलेल्या माणसाला चौघांनी धावत जाऊन काखेत हात घालून उभं करायचं नाही. आधी विचारा: कुठे दुखतं, हातपाय हलतात का, मुंग्या येतात का? एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडला असं समजा. चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झाली तर परिणाम चांगला मिळतो. चहापाणीही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली, कानानाकातून रक्त किंवा पाणी आलं, तर ‘झोपू द्या, बरं वाटेल’ म्हणू नका, तडक न्या. आणि झाडावरून, गच्चीवरून, विहिरीत पडलेल्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपली जी रीत आहे, तिने वाचला असता तो माणूस जन्माचा अपंग होतो. पाठीचा कणा मोडला असेल तर त्या वाटेवरच्या एका खड्ड्यात मज्जारज्जू जातो. पडलेला माणूस जिथे आहे तिथेच, मान सरळ धरून ठेवा. फळीवर चौघांनी एकदम उचलायला १०८ ची माणसं येऊ द्या.

हे बदलत नाही असं म्हणणाऱ्यांनी महाडकडे बघावं. कोकणात विंचू चावला की माणूस गेला, असे दिवस होते. डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९७६ पासून तिथे सरकारी नोकरीत राहून प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग जगापुढे ठेवला. शेकडा ४० च्या आसपास असलेला मृत्यूदर एकावर आला. हे साधलं ते एका माणसाच्या चिकाटीने, आणि त्याला गावाने दिलेल्या साथीने.

मग आपल्या गावाने काय करायचं? येत्या ग्रामसभेत हात वर करून उभे राहा आणि विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा साठा किती आहे आणि तो शेवटचा कुणी मोजला? गावात कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत, कुणाच्या? सोडून दिलेल्या कूपनलिका बुजवा, तोंडं झाका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलं, मग आपल्या शिवारातल्या उघड्या नळ्यांची यादी कुठे आहे? कृषी सेवा केंद्राचा मालक सुट्या बाटलीत औषध ओतून देतो का? शाळेच्या गच्चीचा जिना कुलूपबंद आहे का? शहरात हेच प्रश्न सोसायटीच्या सभेत विचारा: कितव्या मजल्यावरच्या कोणत्या खिडकीला जाळी नाही आणि तिच्याखाली पलंग कुणी ठेवलाय? उत्तर ‘बघू’ असं आलं तर बसू नका. ठरावात तारीख लिहून घ्या, जबाबदार माणसाचं नाव लिहून घ्या, आणि सभा संपायच्या आत ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही असलेली प्रत हातात घ्या.