जंतनाशनाचा आदेश आणि एका गोळीची मर्यादा

सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय खंडपीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांसंबंधी जो आदेश दिला, त्यावर आजवर पुष्कळ चर्चा झाली. कुत्र्यांना उचलावे की सोडावे, त्यांना कुठे खाऊ घालावे, चावऱ्या कुत्र्यांचे काय करावे, या प्रश्नांनी वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. त्याच आदेशातील एका शब्दाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पकडलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण, जंतनाशन आणि लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. निर्बीजीकरणावरून दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात, लसीकरणाविषयी कोणाचे दुमत नाही आणि मधले जंतनाशन ताटातल्या लोणच्यासारखे कडेला पडून राहते.

या विषयावर बोलण्याचा गोव्याला अधिकार आहे. रेबीजच्या बाबतीत या राज्याने देशाला वाट दाखवली. 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकार यांनी गेल्या दशकात गावोगावी फिरून, जाळ्याने कुत्रे पकडून, लस टोचून आणि रंगाची खूण करून ते जागच्या जागी सोडण्याची मोहीम चिकाटीने चालवली. सलग तीन वर्षे माणसांत रेबीजचा रुग्ण न आढळल्याने २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोवा रेबीजमुक्त झाल्याचे जाहीर केले. या यशामागचे गणित सोपे आहे. एकूण कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर विषाणूला पुढे सरकायला वाट उरत नाही.

जंतांना हे गणित लागू पडत नाही आणि प्रशासनाची गफलत नेमकी इथेच होण्याचा संभव आहे. लस शरीराला लढायला शिकवते आणि ती शिकवण निदान वर्षभर टिकते. जंतनाशक औषध शरीराला काहीच शिकवत नाही. पायरँटेल, फेनबेंडॅझोल किंवा प्राझिक्वाँटेल ही नेहमीची औषधे त्या दिवशी आतड्यात असलेले जंत मारतात आणि एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी गोळी मिळालेला कुत्रा आपल्या वाड्यावर परतून त्याच मातीत तोंड घालतो, तेव्हा काही आठवड्यांत त्याचे आतडे पुन्हा भरलेले असते. ती गोळी देऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी अशक्त प्राण्याला तिचा निश्चित उपयोग होतो. परंतु ती गोळी त्या कुत्र्यापुरती असते. गावाला तिच्यापासून मिळणारे संरक्षण जवळजवळ शून्य आहे.

गावाला संरक्षण कशातून मिळेल, हे कळण्यासाठी गोलकृमीचे चरित्र पाहावे लागते. टॉक्सोकारा कॅनिस हा कुत्र्याचा गोलकृमी. त्याच्या अळ्या मादीच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि नेहमीच्या मात्रेतील औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मादी गाभण राहिली की या अळ्या जाग्या होतात आणि गर्भातच पिल्लांच्या शरीरात शिरतात. उरलेल्या काही दुधावाटे जातात. पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येते आणि सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. एक कृमी-मादी दिवसाला हजारो अंडी घालते. प्रौढ कुत्र्याच्या तुलनेत पिल्लांच्या आतड्यांत हे जंत कितीतरी अधिक असतात, त्यामुळे मातीत पडणाऱ्या गोलकृमीच्या अंड्यांचा मोठा वाटा पिल्लांचा असतो. याचा सरळ निष्कर्ष असा की, गोलकृमीविरुद्धचे सर्वांत परिणामकारक साधन औषधाच्या पाकिटात नसून निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेत आहे. जी मादी पुन्हा व्यालीच नाही, तिच्या शरीरातील अळ्यांचा वाढण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. निर्बीजीकरणाचा हा लाभ सरकारी अहवालांत सहसा मोजला जात नाही. तो मोजला, तर मोहिमेवरील खर्चाकडे पाहण्याची दृष्टी बदलेल.

अंकुशकृमीचे प्रकरण याहून चिवट आहे. तो आतड्याच्या आवरणाला दातांनी धरून रक्त पितो. दूध पिणारी पिल्ले त्याच्यामुळे पांढरीफटक पडून दोन-तीन आठवड्यांतच दगावू शकतात. त्यांना नुसती गोळी पुरत नाही, लोह आणि प्रसंगी रक्तही द्यावे लागते. त्याची अळी मातीत तयार होते आणि सरळ त्वचेतून आत शिरते. उष्णता, ओलावा, सावली आणि भुसभुशीत माती ही तिची आवडती जागा. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा गोवा म्हणजे तिच्यासाठी सजवून ठेवलेले घरच होय! किनाऱ्यावरील वाळूत अनवाणी फिरणाऱ्याच्या तळव्यावर उठणारी, रोज थोडी पुढे सरकणारी आणि असह्य खाजणारी तांबडी नागमोडी रेघ हे तिचेच काम. किनारपट्टीवरील डॉक्टरांना ते नवे नाही.

पाळीव प्राण्यांच्या बाबतीत सबब कमी आणि जबाबदारी अधिक आहे. घरात पिल्लू आले की एक गोळी द्यायची आणि पुढे विसरून जायचे, ही रीत सुशिक्षित घरांतही दिसते. पिल्लाला पहिले औषध दुसऱ्या आठवड्यात द्यावे लागते. त्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला आणि मग वर्षातून साधारण चार वेळा. दूध पाजणाऱ्या आईलाही पिल्लांबरोबरच औषध हवे. मांजरीची पिल्ले गर्भात बाधित होत नाहीत, त्यांना दुधावाटे लागण होते, म्हणून त्यांची सुरुवात तिसऱ्या आठवड्यापासून केली तरी चालते. मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नव्हे. दुकानदाराने दिलेली अर्धी गोळी मोठ्या कुत्र्याला अपुरी पडते. अपुरी मात्रा वारंवार देणे म्हणजे जंतांना त्या औषधाची सवय लावणे.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर तो पट्टकृमी. त्याच्यावर पायरँटेल निरुपयोगी आहे, तिथे प्राझिक्वाँटेलच लागते. हा पट्टकृमी पिसवेतून येतो. खाजवताना प्राणी पिसू गिळतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. पिसवांचा बंदोबस्त न करता दिलेले औषध महिन्याभरातच वाया जाते. इथे मांजर पाळणाऱ्यांना एक इशारा आवश्यक आहे. कुत्र्यांसाठीच्या पिसूनाशकांत अनेकदा पर्मेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. जंतांवर लसूण देण्याचा घरगुती उपायही असाच. लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. अंकुशकृमीने आधीच रक्तहीन केलेल्या पिल्लाला तो देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. पिल्लाला रक्ताचे जुलाब होत असतील, तर ते जंतांमुळेच होत असल्याचे गृहीत धरू नये. पार्व्हो या विषाणूजन्य आजारातही तेच होते आणि तिथे गमावलेला एक दिवस महागात पडतो.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आणखी एक आदेश दिला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्रे निवारा केंद्रांत हलवावेत आणि त्यांना पुन्हा त्याच जागी सोडू नये, असे त्यात म्हटले आहे. शाळेच्या मैदानावरील मातीचा विचार केला, तर या निर्णयाला आरोग्याचा आधार आहे. प्रश्न निवारा केंद्रांचा आहे. थोड्या जागेत अनेक कुत्रे, मातीची किंवा भेगा पडलेली जमीन आणि तुंबलेली गटारे अशी अवस्था असेल, तर ते केंद्र अंकुशकृमीचे कोठार होईल. मग दर महिन्याला सरसकट गोळ्या वाटण्याचा मोह होईल. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या बाबतीत हेच घडले. त्यांच्या गोठ्यांत सतत औषधे दिली गेली आणि तीन वेगवेगळ्या गटांतील औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी तिथे तयार झाले. पुढे ते घरगुती कुत्र्यांतही पोहोचले. केंद्राची जमीन सिमेंटची आणि उताराची असणे, तिच्यावर ऊन पडणे आणि विष्ठा रोज उचलली जाणे, या तीन गोष्टींना औषधाइतकेच महत्त्व आहे. फिनाईलवर मात्र भिस्त ठेवू नये. गोलकृमीच्या अंड्याचे कवच त्याला दाद देत नाही, त्याला उकळते पाणी किंवा वाफ लागते.

खाऊ घालण्याच्या जागांबाबतही हाच विचार हवा. प्रत्येक प्रभागात ठराविक जागा असाव्यात, असे ऑगस्टच्या आदेशात आहे. जिथे कुत्रे जेवतात, तिथेच आसपास ते विष्ठा करतात. अशी जागा बालोद्यानाच्या कुंपणाला लागून ठरवली गेली, तर त्या उद्यानातील माती कायमची बाधित होईल. गोलकृमीची अंडी पडल्यावर दोन ते चार आठवड्यांनी लागण करण्याजोगी होतात आणि त्यानंतर कित्येक वर्षे जिवंत राहतात. म्हणजे विष्ठा वेळीच उचलली तर धोका टळतो, पावसात विरघळू दिली तर तो मातीत मुरतो. पालिका आणि पंचायती जागा ठरवताना लोकांच्या तक्रारींचा विचार करतात, जमिनीचा करत नाहीत, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

या साऱ्यात खरी जोखीम मुलांची आहे. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात टॉक्सोकाराचे अंडे गेले, तर त्यातून निघालेली अळी यकृतात, फुप्फुसांत आणि क्वचित डोळ्यात भटकते. डोळ्यातील एकच अळी त्या डोळ्याची दृष्टी घालवू शकते. माणसात हा कृमी प्रौढ होत नाही, म्हणून मुलाच्या शौचाच्या तपासणीत त्याची अंडी कधीच सापडत नाहीत आणि अहवाल निर्दोष येतो. दर वर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी दिली जाते. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्या एका मात्रेचा रोख आतड्यातील जंतांवर असतो, शरीरात फिरणाऱ्या अळीवर नाही. शिवाय आरोग्य खात्याची मोहीम शाळेच्या वर्गात चालते आणि पशुसंवर्धन खात्याची शाळेच्या कुंपणाबाहेर. दोघांच्या तारखा आणि नकाशे एकत्र मांडले जात नाहीत.

निर्बीजीकरणाच्या कंत्राटात सुधारणा करायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक कुत्र्याच्या नोंदीत 'जंतनाशन केले' एवढ्या खुणेऐवजी औषधाचे नाव, वजन आणि मात्रा लिहून घ्यावी. पकडलेली मादी दूध पाजत असेल, तर तिची पिल्ले कुठे आहेत, याचा स्वतंत्र रकाना असावा आणि त्या पिल्लांपर्यंत दर पंधरवड्याला औषध पोहोचवण्याचे काम प्रभागातील खाऊ घालणाऱ्यांवर सोपवावे. ती मंडळी तिथे रोज जातातच, पिल्लांना नावानिशी ओळखतात आणि पातळ औषध खाण्यात मिसळून देणे त्यांना अवघड नाही. माद्यांना मोहिमेत अग्रक्रम मिळावा आणि निदान शाळांच्या परिसरातील हे काम जूनचा पाऊस सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे. एकदा पाऊस लागला की जाळी टाकणाऱ्यांचे हात थांबतात आणि मातीतील अळ्यांचे दिवस सुरू होतात.