जर्मनीत व्हिसा सुलभ, घर दुर्लभ

कुशल भारतीयांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढविण्याचा निर्णय जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. मात्र तेथे पोहोचलेल्या भारतीयाची खरी परीक्षा घर शोधताना सुरू होते. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करणे बंधनकारक असून, २०१५ पासून त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. नोंदणीनंतरच करओळख क्रमांक टपालाने येतो. तो नसल्यास वेतनातून अधिक कर कापला जाऊ शकतो. बर्लिन, म्युनिकमध्ये भाड्याची घरे अपुरी असल्याने अनेकांची पहिली पायरीच अडते. मनुष्यबळ हवे असलेल्या देशाला निवाऱ्याचा प्रश्न फार काळ टाळता येणार नाही.