चांगुलपणाचे गुण कोणी मोजायचे?



आमच्या वस्तीतील कॉलेजात शिकणारी चार मुले-मुली सध्या एका मोबाईल ॲपचा आराखडा तयार करीत आहेत. चांगले काम करावे, ॲपवर नोंदवावे, गुण मिळवावेत. शंभर गुणांना चांदीचा बिल्ला, पाचशेला सोन्याचा, आणि महिनाअखेर पहिल्या दहा जणांची नावे. कल्पना टाकाऊ मुळीच नाही. गटार साफ करायला बोलावले की जी पोरे 'येतो' म्हणून येत नाहीत, ती खेळ म्हटल्यावर नक्की येतील.

असा एक खेळ जगात चाललेला आहे. 'फ्रीराइस' हा इंटरनेटवरील खेळ 2007 साली अमेरिकेत सुरू झाला. प्रश्नाचे उत्तर बरोबर आले की काही दाणे तांदूळ भुकेल्यांसाठी जमा, आणि त्याचे पैसे जाहिरातदारांनी द्यायचे. 2009 पासून तो संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे आहे. तांदूळ कोणाच्या ताटात पडला, त्या माणसाचा फोटो खेळणाऱ्याला लागत नाही, हे मला त्यातले विशेष वाटते.

आमच्या मुलांच्या आराखड्यात मात्र पुरावा म्हणजे फोटो. इथे माझे त्यांचे जमेना. सरकारी दवाखान्यात वाढदिवसाचे केळीवाटप आपण सर्वांनी पाहिले आहे. एक केळे, ते धरणारे सहा हात, आणि खाटेवर नजर चुकवणारा रुग्ण! त्या फोटोला दहा गुण. आणि एखाद्या म्हाताऱ्या मावशीचा निराधार योजनेचा अर्ज भरायला तहसील कचेरीत तीन खेपा घालणाऱ्या मुलीला? तिथे फोटो काढण्यासारखे काहीच नसते. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून अर्ज परत आला, एवढेच. मी वाणिज्य शाखेचा माणूस. दुहेरी नोंदीत एकाच्या जमेसमोर दुसऱ्याची नावे बाजू लागतेच. मग 'काम झाले' हे मावशीनेच सांगायला हवे. तिच्याकडे साधा बटणांचा फोन असतो. ठरलेल्या नंबरावर मिस्ड कॉल दिला की पुरे. तिचे नाव यादीत झळकू नये. मदत घेतली म्हणून कोणी मान खाली का घालावी?

रक्तदानाचे तर अधिक जपून करावे लागेल. पैसे देऊन रक्त घेण्यावर आपल्याकडे 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली तसा निकाल दिला होता. पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो, ही त्यातली मोठी भीती. गुणांसाठी कोणी लपवणार नाही कशावरून? दोन रक्तदानांत पुरुषाने 90 आणि स्त्रीने 120 दिवसांचे अंतर ठेवायचे असते. कावीळ झाल्याचे खरे सांगून परत फिरलेल्या मुलाला शून्य आणि लपवून दिलेल्याला पन्नास गुण, असा हिशेब एखाद्या पेशंटच्या जिवावर बेतेल. म्हणून रक्तदानाला गुण ठेवूच नका, पुढच्या तारखेची आठवण तेवढी ठेवा, असे मी सुचवले. हे त्यांनी लगेच मानले.

बक्षिसाबाबत 1973 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी चित्रांची आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढा, सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच न सांगता नंतर दिले. काहींना काहीच नाही. आठ-पंधरा दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढीत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. तेव्हा बिल्ला द्यायचाच तर न सांगता द्यावा, आणि तोही सगळ्या गल्लीला मिळून, असे माझे मत. गल्लीतल्या बारा घरांचे अर्ज पुरे झाले की अभ्यासिकेसाठी एक नवा पंखा, हे बक्षीस वाईट आहे का?

त्यावर गटातील मुलगी म्हणाली, "काका, पण नाव यायला पाहिजे. घरी दाखवता येतं." तिचेही खोटे नाही. दिवसभर राबून आलेल्या आईबापांना मुलीचे नाव कुठेतरी छापून आलेले पाहावेसे वाटते. म्हणून पहिल्या दहांची यादी अजून आराखड्यात आहे. येत्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले आहे. तुमच्या घरातील तरुण मुलामुलींना याबद्दल काय वाटते, ते त्याआधी जरूर कळवा.