पार्ट मिळेना म्हणून अख्खा दिवा भंगारात. गावच्या दिवाबत्तीचं खरं दुखणं काय?

खांब आहे, वायर आहे, खांबावर दिवापण आहे. फक्त उजेड नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत हीच तक्रार आहे. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर ठरलेलं : "त्याचा पार्ट मिळत नाही, नवीन दिवे मंजूर झाले की बसवू." तोवर अख्खा पावसाळा निघून जातो. सापा-विंचवाची भीती, पहाटे डेअरीला दूध घालायला निघणारे, शेवटच्या एसटीने कॉलेजहून येणाऱ्या मुली, सगळ्यांचीच पंचाईत. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर मात्र दरवर्षी न चुकता असतो.

मग पार्ट खरंच मिळत नाही का? काही पार्ट खरंच मिळत नाहीत. पण बऱ्याचदा अडचण वेगळीच असते. पार्ट दुकानात असतो, पण नेमका कोणता हवा हे सांगणारा कागद ग्रामपंचायतीत नसतो.

एकाच गावात पाच तऱ्हेचे दिवे

गावात फिरून बघा. वेशीवर जुना पिवळा सोडियम दिवा, गल्लीत ट्यूबलाइट, नव्या वस्तीत एलईडी, स्मशानभूमीकडे सोलर आणि चौकात आमदार-खासदार निधीतला हायमास्ट. प्रत्येक दिवा वेगळ्या योजनेतून, वेगळ्या ठेकेदाराकडून आणि वेगळ्या कंपनीचा आलेला. त्यामुळे एकाचा पार्ट दुसऱ्याला चालत नाही. निधी देणारा दिवा बसवून मोकळा होतो. नंतरची देखभाल बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्याच गळ्यात पडते. हायमास्टचंच घ्या. दिवे खाली उतरवायची विंच किंवा तिचा वायररोप अडकला, की वर चांगले दिवे असूनही चौक अंधारात राहतो.

कशावर खर्च करावा, कशावर नाही

निळसर-पांढऱ्या उजेडाच्या जुन्या मर्क्युरी दिव्यांवर आता पैसा घालण्यात अर्थ नाही. पाऱ्याचा वापर कमी करणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला. त्यात या दिव्यांचं उत्पादन आणि आयात थांबवायची मुदत २०२० होती, भारताने २०२५ पर्यंतची सवलत घेतली होती. ट्यूबलाइटसाठी याच करारात २०२७ ची मुदत ठरली आहे. म्हणजे हे दिवे जसजसे जातील तसतसे बदलणंच शहाणपणाचं. जुना बल्ब किंवा ट्यूब फोडून उकिरड्यावर मात्र टाकू नका. आत पारा असतो, आणि कायद्याने तो ई-कचरा आहे.

पिवळ्या सोडियम दिव्याचं तसं नाही. त्यात चारच मुख्य पार्ट असतात : बल्ब, इग्नायटर, चोक आणि कपॅसिटर. दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो, परत लागतो, असं होत असेल तर बहुधा बल्ब संपत आलाय. नवा बल्ब टाकूनही पेटत नसेल तर आधी इग्नायटर बघायचा, मग चोक. इग्नायटर गेला म्हणून अख्खा दिवा उतरवणं म्हणजे पंक्चर झालं म्हणून गाडी विकण्यासारखं आहे.

फक्त वॅट जुळले पाहिजेत. दीडशे वॅटच्या बल्बला अडीचशे वॅटचा चोक लावला तर बल्ब लवकर जातो. कपॅसिटर काढून टाकला तरी दिवा लागतो, म्हणून तो बरेच जण काढूनच टाकतात. पण मग त्याच उजेडासाठी लाइनमधून जास्त करंट ओढला जातो.

एलईडीत जातो तो बहुतेक ड्रायव्हर

नव्या एलईडी दिव्यांचा घोळ जास्त मोठा आहे. ते 'वर्षानुवर्षं टिकतात' असं सांगून बसवले गेले. एलईडीचे दाणे टिकतातही. पण त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर नावाचा छोटा डबा आधी जातो. आपल्याकडची कमी-जास्त होणारी लाइट आणि वळवाच्या पावसातल्या विजा यांचा पहिला मार त्यालाच बसतो.

ड्रायव्हर बदलता येतो. त्यासाठी तीन आकडे लागतात : वॅट किती, आउटपुट करंट किती मिलिअँपिअर, आणि आउटपुट व्होल्टेज कुठून कुठपर्यंत. हे आकडे ड्रायव्हरवरच छापलेले असतात. ते जुळले तर दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हरही चालू शकतो. नुसते वॅट बघून जास्त करंटचा ड्रायव्हर बसवला, तर चांगले असलेले दाणेही जळतात. अडचण येते ती उन्हापावसाने लेबल पुसलं गेलं की, किंवा कंपनीने दिवा असा बंद केलेला असला की, की तो फोडल्याशिवाय उघडतच नाही.

सोलर दिव्यांतही असंच. बहुतेक वेळा पॅनेल चांगलं असतं, जाते ती बॅटरी. पण जुनी ॲसिडची बॅटरी काढून तिथे लिथियमची बसवायची तर कंट्रोलरही तिला चालणारा लागतो. नाहीतर नवी बॅटरीही वाया.

दुरुस्तीकडे दुर्लक्ष का होतं?

एक कारण पैशाचं आहे. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला गेला. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्त्यापासून शाळा-अंगणवाडीपर्यंत सगळं बसवायचं. त्यात इग्नायटर-ड्रायव्हरच्या किरकोळ खरेदीची आठवण कोणाला राहणार? दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या दिव्यांचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. चोक बदलल्याचा फोटो कोण काढतो?

कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. रस्त्यावरचा दिवा त्यात नाही. म्हणजे पार्ट मिळण्याची अट ग्रामपंचायतीला स्वतःच खरेदीच्या कागदात लिहून घ्यावी लागेल.

पुढच्या ग्रामसभेत एवढं मागा

पहिलं, दिव्यांचं रजिस्टर. प्रत्येक खांबाला नंबर द्या. त्यावरचा दिवा कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा, कधी बसवला, वॉरंटी कधीपर्यंत, हे सगळं लिहा. दिवा खाली उतरेल तेव्हा आतल्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिल आणि वॉरंटीचा कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात हवा, ठेकेदाराच्या खिशात नको. बिलच सापडत नसल्याने वॉरंटीतला दिवाही भंगारात जाऊ शकतो.

दुसरं, नव्या खरेदीच्या अटी. ड्रायव्हर वेगळा काढता-घालता येणारा हवा. त्याचे तिन्ही आकडे बिलावर हवेत. आणि दिव्यांबरोबरच थोडे जादा ड्रायव्हर घेऊन ठेवावेत, शंभर दिव्यांमागे पाच तरी. शक्यतो गावभर एकाच मापाचे दिवे घ्या, म्हणजे एका बंद दिव्याचे पार्ट दुसऱ्याला कामी येतील.

तिसरं, हिशोब. दिवाबत्तीवर किती खर्च झाला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवरून बघता येतं. दरवर्षी 'नवीन पथदिवे' दिसत असतील आणि दुरुस्तीचा खर्च शून्य असेल, तर जुने दिवे गेले कुठे, हे विचारायचा हक्क गावकऱ्यांना आहे.

एक मात्र सांभाळा. पार्ट हातात आला म्हणून कोणी पोरगं खांबावर चढवू नका. लाइनमनकडून लाइन बंद करून घ्यायची आणि काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. दिवा आठवडाभर उशिरा लागला तरी चालेल.